वाटून घेतलेलं लग्न

बोरगावला आमच्या गल्लीत आज कुणाच्या तरी मुलीचं लग्न आहे. सकाळपासून आलू-वांग्याच्या भाजीचा वास खिडकीतून आत येतो आहे. मोठ्या गंजात, लाकडांच्या जाळावर शिजणाऱ्या रश्शाचा तो किंचित धुरकट, खमंग वास घरच्या गॅसवर सात जन्मांत यायचा नाही. या वासानं पुष्कळांना भूक लागते. मला मात्र आधी धाकधूक होते. मांडवात कुठेतरी मुलीचा बाप उभा असेल, आणि त्याच्या जिवाला काय घोर लागला असेल, हा विचार काही केल्या मनातून जात नाही. तो घोर मी एकदा फार जवळून पाहिला आहे.

कारंज्याला हायवेच्या कडेला बाबांचं किराणा दुकान होतं, दोन गाळ्यांचं. ताईचं लग्न झालं आणि एका गाळ्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. बाबा उरलेल्या गाळ्यात पोती एकावर एक रचू लागले, एवढंच. नव्वदचं दशक सरता सरता माझं लग्न ठरलं. मी हिंगणघाटला शाळेत शिकवत होते, हेही त्याच शाळेत. आम्ही दोघांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की कपडे, मांडव, पत्रिका आमच्या पगारातून आणि जेवणाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा. मोठ्या ऐटीत मी हे बाबांना सांगितलं. ते तराजू पुसत होते, पुसतच राहिले.

"पोरीच्या कमाईवर मांडव टाकू? अन् पोरावाल्यापुढं हात पसरू?" शेवटी ते म्हणाले. "हा गाळा कोनासाठी ठेवला हाय मंग?"

गाळा विकलात तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं मीही ठणकावलं. त्यांचीच मुलगी, हट्टात कमी कशी असेन? मग पंधरा दिवस अबोला. "त्याइले सांग", "तिले सांग" असे निरोप पोचवून आई दमली. बाबांचा मान राखावा तर दुकान जातं, दुकान राखावं तर मान जातो. खरं सांगते, हे लग्न आता मोडतंय, असंच मी धरून चालले होते.

आणि एके सकाळी माझे होणारे सासरे न कळवता एसटीतून उतरले. जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनींच्या आवाजावर ओरडण्यात गेलेला, त्यामुळे आवाज असा की कुजबुजले तरी सडकेपलीकडे ऐकू जावं. सरळ दुकानात शिरले, तुरीच्या पोत्यावर बसले. मी चहा घेऊन दाराआडच थबकले.

"भाऊ, जेवनारे अर्धे तुमचे, अर्धे माहे. बरोबर?"

"बरोबर."

"मंग माह्या पाहुन्याइले तुमी काऊन जेवू घालून राह्यले? माह्या पोराच्या लग्नात माहे पाहुने दुसऱ्याच्या खर्चानं जेवले, त मी गावात तोंड कसं दाखवू? माही बी काही इज्जत हाय का नाई?"

मान काय तो मुलीच्या बापालाच सांभाळावा लागतो, अशी बाबांची जन्माची समजूत. तराजू बाजूला सारत ते म्हणाले, "किराणा मात्र माह्याच दुकानचा."

"बिलकुल. पन माह्या हिश्शाचे पैसे घ्याचे."

दोघेही हसले. मी चहा तसाच ठेवून आत गेले आणि ढसाढसा रडले. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटची पंगत उठेपर्यंत मुलीच्या बापानं तोंडात घास घालायचा नाही, ही आमच्याकडची न लिहिलेली रीत. ताईच्या लग्नात बाबा दिवस कलेपर्यंत हात जोडून, कोणी रुसलं का ते पाहत फिरत होते. माझ्या लग्नात पहिली पंगत बसली, तसं सासऱ्यांनी आपल्या व्याह्यांना खांद्याला धरून पानावर बसवलं. "बसा इवाई. अर्धी पंगत माही हाय, मी पाह्यतो," म्हणाले आणि स्वतः वरणाची बादली घेऊन वाढायला निघाले. बाबा आधी अवघडले, चोरट्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. मग मान खाली घालून जेवू लागले. भाताचं आळं करून त्यांनी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

आमच्या अल्बममध्ये तो फोटो नाही. मुलीचा बाप जेवताना टिपावा, हे फोटोवाल्याला कसं सुचावं? बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या लग्नात कुणी किती खर्च केला, ते सांगायला आज कुणी बसलेलं नाही, आणि मलाही नीटसं आठवत नाही. लेकीच्या लग्नात माझा बाप पोटभर जेवला, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.