आजार माझा, नाव छायाचं

तुमाला सांगतोय खरं, पण परवापर्यंत ही गोष्ट माझ्या ओठावर आली न्हाई. भावाला न्हाई, जिवाच्या दोस्ताला न्हाई — बायकोला तर न्हाईच न्हाई. बसा जरा. मी लगेच मुद्द्यावर यायचा न्हाई, तेवढा दम न्हाई माझ्यात. फिरून फिरून येतो, पण येतो.

मी तेलगावचा. ऊस हाय, कापूस हाय, चार लोक मानतेत. भावकीचं भांडण असो का बांधाचं, लोक आमच्या ओसरीवर येतेत अन् मी तोडगा काढतो. अशा माणसाला भर बैठकीत घाम फुटून पळावं वाटलं — तर त्यानं कुणाला सांगावं? छाती अशी धडधडायची की वाटायचं, आता गेलो. काय तरी निमित्त करून उठायचो अन् शेतात मोटरीच्या खोलीत भिंतीला धरून उभा राहायचो. बीडला जाऊन छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणले, छाती बैलासारखी हाय, मनाच्या डॉक्टरला दाखवा. मनाच्या? मी? माझी गाडी तसल्या दवाखान्यासमोर दिसली असती तर मी घरी यायच्या आधी बातमी गावात आली असती. मग तेच म्हणले, घरी बसून मोबाइलवर बोला, आजकाल असंबी होतंय.

घरी बसून — हे बरं वाटलं. पण तिथं पेशंटचं नाव विचारलं अन् माझी बोटं अडली. काय केलं असंल मी? बायकोचं नाव टाकलं. छाया. आमच्याकडं बाईला काय झालं तर लोकांचा शब्द तयार असतो — बाहेरचं असंल, नारायणगडाला नेऊन आणा. बाईचं खपतं. गड्याला असलं काय होतच न्हाई म्हणे!

तिला म्हणलं, तू नुसती समोर बस, मी बाजूनं सांगतो तसं बोल. कापसाच्या खोलीत बसलो, तिथून आवाज बाहेर जात न्हाई. मोबाइलवर एक तरणी मॅडम. "बोला ताई, काय होतंय?" मी कुजबुजायला तोंड उघडतो न उघडतो तोच ही बया स्वतःच सुरू झाली. माणसं जमली की जीव घाबरतो म्हणली. मोटरीच्या खोलीत जाऊन उभी राहते म्हणली. घास तोंडात फिरतो, पण पोरांसमोर हसत बसते म्हणली. अहो, यातलं एक अक्षर मी तिला सांगितलं नव्हतं! तिला सगळं ठाऊक होतं. मी कापसात तोंड घालून रडलो — लाज वाटते सांगायला, पण रडलो.

लई दिवस असंच चाललं. मॅडमनं तिला सांगायचं, तिनं मला. श्वास कसा घ्यायचा, धडधड आली की भिऊन पळायचं न्हाई, मनात काय येतंय ते कसं बघायचं. अन् गंमत बघा, उतार पडायला लागला. औषध तिला, गुण मला.

इथपर्यंतचं कुणी हसून सोडूनबी देईल. पुढचं न्हाई.

शेजारच्या पारूमावशीनं एकदा दारातून छायाला मॅडमशी बोलताना बघितलं. त्याच दिवसांत छायाच्या पाठच्या बहिणीचं, राणीचं, शिरूर कासारला जमत आलतं. पोरगं चांगलं. राणीच्या मनात भरलेलं. नुसती सुपारी फोडायची बाकी. एक दिवस त्या पोराच्या मामानं मला तेलगावच्या फाट्यावर गाठलं, चहाला बसवलं. "पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरात कुणाला डोक्याचं हाय म्हणतेत. खरं का?"

'मला हाय' — एवढंच म्हणायचं होतं. तेबी जमत नव्हतं तर 'खोटं हाय' म्हणायचं. मी काय म्हणलो? म्हणलो, "हाय जरा. आमच्या मंडळीला." अन् वर — ऐका, हे ऐका — वर म्हणलो, "त्यांच्या घराण्यातच असंल. मला तरी लग्नाआधी कुणी सांगितलं होतं?"

चहा गोड लागला मला त्या दिवशी. आपण वाचलो, असं वाटलं.

सोयरीक मोडली. राणी कितीतरी दिवस नीट जेवली न्हाई. अजून तिचं कुठं जमलेलं न्हाई. छायाला वाटलं, पारूमावशीनंच लावालावी केली. तिनं म्हातारीशी बोलणं टाकलं. मावशी बिचारी अंगणात उभी राहून गळ्याची आण घ्यायची, मी त्या पाव्हण्यांना वळखतबी न्हाई म्हणायची. मी ओसरीवर पान लावत ऐकायचो.

परवा कापसाच्या खोलीत छायानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "आज तुमचं तुमी बोला," म्हणली अन् दार ओढून गेली. मॅडमला म्हणलं, मी हिचा नवरा. पेशंट मी हाय. त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, बरं झालं आलात, मी वाटच बघत होते. मग मी जे सुटलो ते फाट्यावरच्या चहापर्यंत सगळं ओकलो. जन्मात पहिल्यांदा कुणासमोर खरं बोललो अन् मेलो न्हाई!

काल सकाळी छाया भाकरी थापत होती, तिच्यासमोर बसून सांगितलं. 'त्यांच्या घराण्यात' म्हणलो तेबी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली न्हाई. वाटलं, आता उलथणं फेकून मारते — मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, हात धुतले अन् आधी पारूमावशीच्या घरी गेली. लई वेळ तिथंच होती. परत आली तवा डोळे लाल झालते. मोबाइल घेतला, माहेरी लावला अन् माझ्या हातात दिला.

"घ्या. आता तिला सांगा. अन् माझ्या बापालाबी जवळ बसव म्हणावं."

"बोला दाजी," तिकडून राणी म्हणली, "लई दिवसांनी आठवण आली."

मी म्हणलं, राणी, आधी आप्पांना जवळ बोलाव. ते आले. मग मी सांगायला लागलो.