भाऊंसाठी रील

मासे पकडणाऱ्यांकडे मासे कमी आणि किस्से जास्त जमतात. त्याला कारण आहे. गळ टाकून बसलं की चार-चार तास काही घडत नाही. मग जे थोडंफार घडतं ते माणूस जपून ठेवतो आणि सांगताना थोडं वाढवतो. मी वाढवणार नाही. आता, हे वाक्यही मी दर वेळी म्हणतो म्हणा!

आमची तिघांची टोळी. मी, माझं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान. मनोहर, बॅटऱ्या दुरुस्त करणारा. आणि भाऊ, सेलूकडच्या एका शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. दर रविवारी स्कूटरनं हिंगणी आणि तिथून बोरचं धरण. बरीच वर्षं असं चाललं. मग भाऊंना लकवा मारला. पाय परत आला, बोलणं आलं, उजवा हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, "जे यायचं होतं ते बहुतेक येऊन गेलं."

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर आम्हाला म्हणाले, "मले दुसरं काई नको. एक मासोयी मह्या हातानं काढू द्या, बस."

मला फार वाईट वाटलं. मनोहर तर बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसत बसला. त्या दिवसापासून आम्ही भाऊंसाठी रील, म्हणजे काठीवर बसवायचं दोरी गुंडाळणारं चाक, शोधायला लागलो.

*

तोवर आमचं सामान म्हणजे बांबूची काठी आणि पावडरच्या डब्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. रील फक्त फोटोत पाहिलेली. नागपूरच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "पानी की गहराई कितनी है?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मनोहर म्हणाला, "भैया, दस साल से बैठे हैं, कभी उतरे नहीं."

हात हलवत परत आलो. पुढच्या रविवारी दुकानातलं अर्ध्या किलोचं माप सुतळीला बांधून भिंतीवरून पाण्यात सोडलं. ते खाली दगडात अडकलं. ओढलं तर सुतळी वर आली, माप काही आलं नाही. खोली किती ते समजलं नाहीच, वरून पुढचे आठ दिवस अर्धा किलो खिळे मागणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रह करत होतो, "एक किलोच घेऊन जा ना, लागतातच!"

*

मनोहरचा पुतण्या जहाजावर नोकरीला. त्याला चिठ्ठी टाकली, तर त्यानं एक जाडजूड कॅटलॉगच पाठवला. त्यात टाइलफिश नावाच्या मासोळीचा फोटो होता. अंगावर पिवळे ठिपके. ही म्हणे समुद्रात इतक्या खोल राहते की तिथं उजेड पोचत नाही. तिच्यासाठी लागणारं सामान शेजारी छापलेलं. आखूड, दणकट काठी. नारळाएवढी रील. दोन-दोन किलोचं शिसं.

वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, शाकाहारी. त्यांच्या स्वयंपाकघरात मासा कधी शिरला नाही. भाऊ मागच्या अंगणात चूल मांडून स्वतःच रांधायचे. पण फोटो पाहायला वहिनीही आल्या आणि टाइल म्हणजे छपरावरचं कौल, आमच्याकडचं कवेलू, हे ऐकून तिचं बारसंच करून टाकलं, "कवेलू मासोयी."

भाऊंनी डिक्शनरी घेऊन त्या कॅटलॉगचा अभ्यास केला. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या रेघा ओढत. आठ दिवसांनी आम्हाला बोलावलं. एका ओळीवर बोट ठेवलं. खोल पाण्यासाठी सावकाश फिरणारी रील घ्या, असं तिथं लिहिलं होतं. वेळ जास्त लागतो, पण हातावर जोर कमी येतो.

"हेच पाह्यजे," भाऊ म्हणाले. "मह्याजवळ वेळ आहे, ताकद नाई."

आम्ही हसलो. मग भाऊंच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं.

*

पुतण्या सुट्टीवर आला तेव्हा सावकाश फिरणाऱ्या रीलऐवजी एकदम इलेक्ट्रिकचीच घेऊन आला. जुनी होती, पण चालू. बारा व्होल्टवर चालायची. म्हणजे मनोहरच्या खात्यातली गोष्ट! त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी स्कूटरवर बांधून धरणावर आणली.

तासाभरात रोहू लागला. भाऊंनी डाव्या अंगठ्यानं बटन दाबलं. रील अशी काही फिरली की रोहू पाण्याबाहेर आला, काठीच्या टोकावर आपटला आणि गळ तोडून परत पाण्यात गेला. दहा सेकंदांचा खेळ!

मनोहर खुशीत म्हणाला, "पाह्यलं का भाऊ पॉवर?"

"पाह्यली," भाऊ म्हणाले. "पण मी काय केलं बाप्पा? बटन दाबलं. ते तं मी घरी मिक्सरचंबी दाबतो."

ती रील आता मनोहरच्या गच्चीवर आहे. तिनं खालून वर गव्हाची पोती नाही, पण पापडाचे डबे चढवता येतात.

*

शेवटी नागपूरहून मोठी, सावकाश फिरणारी रील आणली. पण तिचा दांडा उजवीकडे आणि भाऊंचा चालणारा हात डावा. झालं! तीन महिने आम्ही डावखुरी रील शोधत फिरलो. नागपूर झालं, अमरावती झाली, पुतण्याला पुन्हा चिठ्ठी गेली.

हिंगणीचे मडावीकाका धरणावर जाळं टाकायचे. एका रविवारी बिडी विझवून आमच्याजवळ आले, रील हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली. एका बाजूचं बूच फिरवून काढलं, दुसऱ्या बाजूचा दांडा काढला आणि दोन्हीची अदलाबदल करून दिली.

"हे तं निंगते जी," म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं दुकान कायचं हाय जी?"

"नट-बोल्टचं," मी म्हणालो.

"हो का," म्हणाले आणि आपल्या जाळ्याकडे निघून गेले.

*

रील डाव्या हातानं फिरायला लागली, पण मग काठी कोण धरणार? कॅटलॉगमध्ये कमरेचा पट्टा होता, त्याला काठी टेकवायची वाटी. भाऊ एकदम म्हणाले, "हा तं आपल्या शाळेत आहे!" परेडला झेंडा धरणारा पोरगा गळ्यात घालतो तो. शाळेत गेलो. आताचे हेडमास्तर भाऊंचेच विद्यार्थी, त्यांनी जुना पट्टा काढून दिला. मोच्याकडून चार बोटं वाढवून घेतला. भाऊंनी धरणावर तो चढवला, वाटीत काठी ठेवली आणि सवयीनं सावधानमध्ये उभे राहिले.

भाऊंना एकटं पाठवायला नको म्हणून वहिनी आता सोबत यायच्या. त्या म्हणाल्या, "मासोयी धरता का झेंडावंदन करता?"

पट्ट्यानं वजन पेललं, पण काठी उजवीकडे कलंडायची. मनोहर धरायला गेला तर भाऊ भडकले. "सोड! तू धरशीन तं मासोयी तुही."

तो आमचाच नियम. मासा लागताना काठीवर ज्याचा हात, मासा त्याचा. यावरून पूर्वी आमची भांडणं झालेली, अबोले झालेले. त्यामुळे मलाही धरता येईना. आम्ही दोघं हात मागं बांधून उभे आणि काठी डुलते आहे!

वहिनी उठल्या. पदर खोचला. "मी धरतो. मी काई खात नाई, मले कायले पाह्यजे तुमची मासोयी?"

नियमात हे बसत होतं.

*

मग दर रविवारी तेच. वहिनी काठी धरायच्या. डॉक्टरांनी हात कामात ठेवायला सांगितलेलं, म्हणून भाऊंचा उजवा हात उचलून त्या आपल्या मनगटावर ठेवायच्या. बोटं वळायची नाहीत, तो घसरायचा. त्या पुन्हा ठेवायच्या. चार-पाच रविवार असे गेले. एकही मासा लागला नाही. भाऊ घरी जाताना बोलेनासे झाले.

त्या दिवशी दुपारी वहिनींनी तो नुकताच परत मनगटावर ठेवला होता, तेवढ्यात काठी एकदम वाकली. वहिनींनी डोळे गच्च मिटले.

"सोडू का?"

"नाई, नाई. धरून ठेवजो."

भाऊ डाव्या हातानं रील फिरवायला लागले. सावकाश. मासा दगडांकडे ओढत होता, तंगूस करकरत होता, पट्टा भाऊंच्या पोटात रुतला होता. आम्ही दोघं हात मागं बांधून उभे. मनोहर पुटपुटत होता, कोणत्या देवाला ते माहीत नाही. पाण्यावर मोठी शेपटी दिसली. कतला होता, चांगला चार-पाच किलोचा. काठी अजून वाकली.

आणि वहिनी डोळे न उघडताच म्हणाल्या, "हळू धरा ना जी. मही बांगडी रुतून राह्यली हातात."