थंडी सरेपर्यंत पडून राहणार नाही

भजनी मंडळातल्या बायांनो, आज घडलेलं लगेच लिहून पाठवते. सगळ्यांना वाचून दाखवा.

दिवाळीआधी हे गेले, तेव्हापासून मी गोधडीतून निघालेच नव्हते. त्यात ही पौषातली थंडी. डोळे उघडले की पुन्हा मिटावेसे वाटायचे.

आज सकाळी भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, दारातूनच म्हणाले, "थंडी सरेपर्यंत पडून राय. तुह्या बांधीचं धान आम्ही चुरून आमच्या कोठीत टाकतो."

बोलणं मायेचं होतं, पण 'आमच्या कोठीत' ऐकून माझी झोप उडाली. शेताच्या त्या तुकड्यात, त्या बांधीत, आम्ही दोघांनी रोवणी केली होती.

अंग उठायला तयार नव्हतं. तरी थंड पाण्याने तोंड धुतलं, पदर खोचला आणि खळ्यावर गेले. धान चुरायला, म्हणजे मळणीला, बैल जुंपलेले होते. मी गड्याच्या हातून कासरा घेतला.

"इथं काऊन आली?" भासऱ्यांनी विचारलं. "लोक काय म्हणतीन?"

आजवर मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं. "माह्या बांधीचं धान आहे. मीच चुरून राहिली, अन् माह्याच कोठीत नेईन."

ते निघून गेले. दुपारी सासूबाई गरम पेज घेऊन आल्या. माझ्यासोबत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, झाडू लागल्या. संध्याकाळी पहिलं धान माझ्या कोठीत पडलं.

उद्या पहाटे गोधडी मला पुन्हा धरून ठेवणार, हे मला माहीत आहे. तुमच्यातली कोण येऊन माझी कडी वाजवेल?