मादी ओळीतलं नर फूल

काकडीचं टोक कापून, चकतीने घासून फेस काढताना तो हिरवा वास आला, की तारनाक्याहून कंपनीच्या बसने जायचं ते काकडीच्या संकरित बियाण्याचं शेत आठवतं. परदेशी कंपन्या तेव्हा नुकत्या येत होत्या, माझी नोकरीही नवीच. मादी ओळीतली नर फुलं उमलण्याआधी खुडायची, म्हणजे पराग फक्त नर ओळीतूनच येऊन बियाणं शुद्ध राहतं, एवढंच काम. एका सकाळी पानाआड एक उमललेलं फूल दिसलं आणि त्यातून मधमाशी उडाली. मागे देखरेखीच्या साहेबांची पावलं वाजली, तसं मी ते खुडून तोंडात टाकलं. "सब साफ है ना? एक बी फूल छूटा तो पूरा प्लॉट उखाडना पडता." तोंड मिटूनच मी होकाराची मान हलवली. पुढे ते बियाणं गावोगाव गेलं. आजही जेवताना कुणी काकडी कडू आहे म्हणालं, की मी घास न चावता गिळते.