मिराशींची चमच्याची पंगत

लखनौतल्या मराठी मंडळींत चंद्रशेखर मिराशींचं नाव निघालं, की माणसं नकळत पोटावरून हात फिरवत. नोकरी म्हणाल तर ती सरकारी औषध-संशोधन संस्थेच्या हिशेब खात्यात झाली. पण निवृत्तीपर्यंत त्यांनी तिथे काय केलं, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते त्यांचं वाढणं. गणपतीतल्या जेवणाला कमरेला पंचा बांधून मिराशी पंगतीत उतरले, की भल्याभल्यांचे निश्चय ढासळत. कुणी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर हे त्याला प्रेमाने त्याचं गाव विचारत. गाव कुठल्या दिशेला ते सांगायला माणूस हात उचलणारच, आणि तेवढ्या फटीतून जिलबी पानात पडलेली असे.

त्यात शहर लखनौ. इथे पहिल्या विचारण्याला कुणी काही घेत नाही, तशी रीतच नाही. मिराशी मूळचे मिरजेचे. त्यांनी यातून असा अर्थ काढला, की ‘नको’ म्हणणं ही या गावात भूक सांगण्याची अदबशीर पद्धत आहे. जानकीपुरमला घर बांधल्यावर त्यांनी शेजारच्या रमाकांत श्रीवास्तवांना सपत्नीक जेवायला बोलावलं. श्रीवास्तव बिचारे रीतीप्रमाणे “बस भाईसाहब, बस” म्हणत राहिले आणि दर ‘बस’ला एक पुरणपोळी खात राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून रजा घेतली. शेजार मात्र टिकला, हा श्रीवास्तवांचा मोठेपणा.

अशा माणसाच्या ताब्यात पोट बिघडलेलं दीड वर्षाचं मूल देणं, म्हणजे काय ते वाचकांनीच ठरवावं. पण २००९ सालच्या मे महिन्यात तशी वेळ आली खरी.

मुलगा सिद्धेश हवाई दलात, जोधपूरला. सून मुक्ता पीएच.डी. पुरी करायला छोट्या स्वरदाला घेऊन सासरी राहिलेली. सासूबाई पद्मिनी भाचीच्या बाळंतपणासाठी मिरजेला गेलेल्या. आणि त्या दिवशी अकरा वाजता विद्यापीठात मुक्ताची तोंडी परीक्षा होती. बनारसचे परीक्षक दोन वेळा तारीख बदलून एकदाचे आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होते. आज हुकलं, तर पुढची तारीख पावसाळ्यानंतरच मिळाली असती. आणि जूनमध्ये तर मुक्ताला जोधपूर गाठायचं होतं.

स्वरदाने सकाळी उठल्या उठल्या आईच्या इस्त्रीच्या साडीवर उलटी केली. साडी बदलून होते तोवर दुसरी केली, मग दुपट्यात जुलाब झाला. मुक्ताने मुकाट्याने बॅगेतला प्रबंध काढून टेबलावर ठेवला. ती जाणार नव्हती.

मिराशी म्हणाले, तू जा, मी आहे ना. त्यावर मुक्ता जे बोलली ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

“बाबा, तुम्ही आहात याचीच भीती वाटते. तुम्ही तिला भरवाल.”

मिराशींना हे लागलं. पण खोटं म्हणवेना.

अलीगंजच्या विनय टंडन डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी उलट प्रश्न विचारले: उलटीत रक्त किंवा हिरवा रंग आहे का, रडताना डोळ्यांतून पाणी येतं का, शू झाली का, मूल मलूल आहे की नजरेला नजर देतं. उत्तरं ऐकून म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पोटाची साथ आहे, कॉलनी-कॉलनीत चाललीय. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला आणि चमच्याचमच्याने पाजा, मधे थांबत. उलटी झाली तर दहा मिनिटं काही देऊ नका, मग पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. उलटीचं औषध मनाने देऊ नका. उलटी थांबली, की नेहमीचं दूध, मऊ जेवण, मागेल तेवढंच. आणि मूल सुस्तावलं, शू बंद झाली, किंवा चमचाभरही टिकेना, तर फोन करत न बसता सरळ घेऊन या.

मुक्ता शेवटी निघाली, पण अट घालून. आत जायच्या आधी ती फोन करणार. तोवर पोरीला उतार नसला, तर परीक्षकांना नमस्कार करून परत येणार. मिराशींनी मान डोलावली. हातात वाटी-चमचा आधीच आला होता.

पाणी तयार करून त्यांनी आधी स्वतः चाखलं. वाढप्याची सवय. चव काही खास नव्हती, साखर कमी वाटली. पण डॉक्टरांच्या स्वयंपाकात ढवळाढवळ नको म्हणून हात आवरला. पहिला चमचा पोटात राहिला. दुसराही राहिला. स्वरदाचा घसा कोरडा पडलेला, तिने आ वासला आणि म्हणाली, “औल.”

‘और’ हा तिचा ताजा शब्द, श्रीवास्तवांच्या अंगणात मिळवलेला. मिराशींच्या आयुष्यात पानावर बसून आपणहून आणखी मागणारी ही पहिलीच व्यक्ती. त्यांचा ऊर भरून आला. चमचा बाजूला पडला, वाटी थेट ओठाला लागली आणि आजोबांच्या कौतुकाखाली पोरीने ती घटाघटा रिकामी केली. क्षणभर सगळं छान होतं. मग ते सगळं जसंच्या तसं आजोबांच्या बनियनवर आलं.

यातून कुणीही शहाणा झाला असता. पण मिराशींचं तत्त्वज्ञान वेगळं: पोट रिकामं झालं, म्हणजे आता जास्त जागा. दहा मिनिटं त्यांनी कशीबशी घड्याळाकडे बघत काढली आणि पुन्हा अर्धी वाटी पाजली. तीही परत आली. स्वरदा रडून रडून त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पडली. पंखा बंद, लाइट गेलेली, आणि मुक्ताच्या फोनची वेळ जवळ येत चाललेली. मिराशी तिला तशीच खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागले.

रडणं ऐकून गीता श्रीवास्तव आल्या. त्यांनी मिराशींच्या बनियनकडे पाहिलं, रिकाम्या वाटीकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. नवऱ्याच्या पुरणपोळ्या त्या विसरल्या नव्हत्या. पोरीच्या गालावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “भाईसाहब, आज पंगत नहीं है.” आणि मग स्वरदाकडे वळून, “आप लेट जाइए बिटिया, दादाजी को भी ज़रा साँस लेने दीजिए.” दीड वर्षाच्या पोरीलाही या बाईंनी कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. हवं तर मी पाजते, म्हणून त्यांनी चमच्यासाठी हातही पुढे केला.

मिराशींनी चमचा दिला नाही. म्हणाले, वाढणार मीच. तुम्ही तेवढा पंखा घ्या. गीताजींनी कोपऱ्यातला विणलेला पंखा उचलला आणि त्या हसत वारा घालू लागल्या.

दोन चमच्यांमध्ये थांबायचं, हीच खरी गोची होती. आणि तिथेच मिराशींना उपाय सुचला. त्यांनी मनातल्या मनात पंगत मांडली. केळीची पानं अंथरली, पाणी फिरवलं. मग हातात मीठ घेतलं आणि पहिल्या पानापासून निघाले. जोशींना वाढलं, काळ्यांना वाढलं, हवाई दलातल्या आपल्या सिद्धेशला वाढलं, असं करत ओळीच्या टोकाला पोचले, तेव्हा स्वरदाच्या तोंडात एक चमचा घातला. “हे मीठ झालं बरं का.” मग लिंबाची फोड घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. टोकाला पोचल्यावर दुसरा चमचा. “हे लिंबू.” चटणी, कोशिंबीर, लोणचं अशी डावी बाजू यथासांग झाली. मधेच घाई सुटली, की आपण काळ्यांना वगळलं, असं स्वतःला बजावून ते मागे फिरत. स्वरदा प्रत्येक चमच्यानंतर आ वासून बघे आणि म्हणे, “औल.” आणि मिराशी, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला नको म्हटलं नव्हतं, ते घाम पुसत म्हणत, “थांब राणी. भाजी अजून ओळीत फिरतेय.”

उजवी बाजू वाढायला घेतली तरी डावीतलं काहीही परत आलं नव्हतं.

आमटीच्या सुमारास फोन वाजला. मुक्ताचा आवाज दबलेला होता. आत बोलावणं आलं होतं.

“खरं सांगा बाबा.”

मिराशींनी खरं सांगितलं. दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा चूक माझीच, वाटीने पाजलं. मिराशींना वाटलं, आता ही रिक्षाला हात करणार.

“आणि आता?”

“आता चमच्याने पाजतोय. अर्धं पान वाढून झालं, सगळं पोटात आहे. शू झाली, भरपूर. मघाशी रडली ती डोळ्यांत पाणी आणून, आणि आत्ता गीताजींच्या बांगड्या ओढतेय. चमचा माझ्या हातात आहे मुक्ता. वाटी मी फडताळात ठेवून दिलीय.”

खरं तर वाटी अजून समोरच होती. बोलता बोलता त्यांनी खूण केली, तशी गीताजींनी ती उचलून फडताळात टाकली. मुक्ता बरं म्हणाली आणि आत गेली.

भात, तूप, मठ्ठा असं सगळं पान त्या पाण्यानेच पार पडलं. स्वरदा झोपली, उठली, आईच्या नावाने थोडी कुरकुरली आणि मूगडाळीच्या मऊ खिचडीकडे बोट दाखवू लागली. दोन घास खाऊन तिने तोंड फिरवलं. मिराशींनी तिच्या गावाची चौकशी केली नाही.

मुक्ता दुपारच्या उन्हात जिना धावतच चढली. वाटेत तिने डॉक्टरांना फोन केला होता. जुलाब वाढलेच तर संध्याकाळी दाखवा, झिंक सुरू करू, म्हणाले होते. पोरीला कडेवर घेऊन तिने आधी तिचे ओठ पाहिले, मग डोळे पाहिले आणि मग ती तिथेच जमिनीवर बसली. बनारसच्या परीक्षकांनी मेथीच्या मुळांवरच्या गाठींबद्दल बराच वेळ छळलं आणि शेवटी हसून अभिनंदन केलं, असं ती सांगत होती. मिराशींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मधूनमधून ते फक्त विचारत होते, तू पाणी प्यायलीस का.

तेवढ्यात खाली श्रीवास्तवांची स्कूटर थांबली. त्यांनी हेल्मेट काढून वर पाहिलं आणि घरात सब ठीक ना, असं विचारलं. मिराशी गच्चीच्या कठड्याशी गेले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी बातमी दिली, की बिटियाने दो निवाले खिचडी खाई और दोनों अंदर हैं.

श्रीवास्तव मनापासून वा वा म्हणाले आणि स्कूटर आत घेऊ लागले. मिराशी वळून खोलीत आले, उंबऱ्यात थबकले आणि पुन्हा कठड्याकडे धावले. सून डॉक्टर झाली, हे सांगायचं राहिलंच होतं.