थंड कपाटाला धरलेला बर्फ

आगबोटीवरची नोकरी सुटून मी रत्नागिरीला घरी आलो, तेव्हा मला एकच कसब येत होतं आणि त्याला गावात काम मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. बोटीवर मी तेलवाला होतो, म्हणजे यंत्रांना तेल घालून ती राखणारा. मांस आणि लोणी ठेवायच्या थंड कोठ्या असत, त्यांचं अमोनियाचं यंत्र माझ्या हाताखाली होतं. हिवतापाने अंगात जोर राहिला नाही म्हणून मला उतरवलं. घरात मी आणि माझी थोरली बहीण, दोघंच. तिला मी अक्का म्हणत असे. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. तो दारूपायी गेला आणि अक्का माहेरी परत आली.

बंदराच्या रस्त्याला एका पारशी शेटजींचं विलायती दारूचं दुकान होतं. शेटजींचा जन्म इथलाच, बोलणं आमच्यासारखंच. रागावले किंवा गहिवरले तरच गुजराती शब्द तोंडात येई. गिऱ्हाईक म्हणजे कस्टमचे साहेब, बोटींवरचे अधिकारी आणि सुटीवर आलेले मुंबईकर. बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची रीत होती, पण उन्हाळ्यात त्यांतली बिअर कोमटच लागे. शेटजींनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून बिअरची पिंपं गार ठेवायचं कपाट आणलं. कपाट म्हणायचं एवढंच, वाकून आत शिरता येईल अशी ती लाकडी खोली होती. दुहेरी भिंतींमध्ये बुचाचा भुसा, आत भिंतीला लोखंडी नळ्यांची वेटोळी, मागच्या पडवीत रॉकेलवर चालणारं इंजिन आणि अमोनियाचा पंप. आत पिंपं उभी करायची, आणि त्यांच्यातून निघालेली कथलाची बारीक नळी भिंतीतून बाहेर येऊन गल्ल्याशेजारच्या तोटीला मिळायची. हे चालवणारा माणूस गावात मीच. शेटजी स्वतः घरी आले आणि मला घेऊन गेले.

संध्याकाळी पेज वाढताना अक्का म्हणाली, "यंत्र तुझं, दारू त्यांची. तुझ्या हाताला वास लागू देऊ नको म्हणजे झालं."

थंडीचे दिवस बरे गेले. फाल्गुन सरला, हवेला दमटपणा आला आणि कपाटाचं तंत्र बिघडलं. वेटोळ्यांवर आधी पांढरी बुरशी दिसावी तसं हिव धरे, मग त्याचा बर्फ होई आणि बघता बघता नळ्या मांडीएवढ्या जाड दिसू लागत. एखाद्याला वाटेल, बर्फ जितका जास्त तितका गारवा जास्त. तसं नसतं. बर्फाची गोधडी नळ्यांवर चढली की नळीतली थंडी नळीपाशीच राहते. मग नळीला टेकलेल्या पिंपाच्या कडेची बिअर गोठे आणि दाराजवळचं पिंप कोमट राही. कथलाची बारीक नळी वेटोळ्याच्या जवळून जात होती, तिच्यात बर्फाचा खडा धरला की तोटी सोडली तरी थेंब येत नसे, नाहीतर नुसता फेस येई.

बोटीवर असं फारसं होत नव्हतं. तिथे कोठीचं दार दिवसातून एकदोनदा उघडायचं, तेही स्वयंपाक्याच्या हुकमाने. इथे दर पिंपाला दार उघडायचं, पिंपं बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून, म्हणजे होडीतून, ओल्या गोणपाटात यायची ती तशीच आत जायची, आणि शेटजी पाहुण्यांना कौतुकाने दार उघडून आतला पांढरा चमत्कार दाखवायचे. मी सगळं थांबवून बर्फ वितळू द्यायला बघे. दार सताड उघडायचं, वेटोळ्यांवर कोमट पाणी सोडायचं, नळीला ऊन फडकं गुंडाळून धीर धरायचा. शेटजींना तो धीर नव्हता. यंत्र बंद म्हणजे दुकान बंद असं त्यांना वाटे. आमची हळू आवाजात रोज कुरबूर चाले. खरं सांगायचं तर हिव इतक्या लवकर का धरतं हे मलाही पुरतं उमजलं नव्हतं. मी अमोनियाचा दाब कमी करून पाहिला, इंजिन सावकाश चालवून पाहिलं. फरक पडला तो थोडाच.

तो मिठाच्या चळवळीचा उन्हाळा होता. दारूच्या दुकानांपुढे बायका पिकेटिंगला बसू लागल्या आणि एके सकाळी अक्का मला पेज वाढून म्हणाली, "आज तुझ्याबरोबरच निघते. मला तुमच्याच दुकानापुढे बसायला सांगितलंय."

आम्ही दोघं बंदराच्या रस्त्याने बरोबर चालत गेलो. ती समोरच्या वडाखाली इतर बायकांत जाऊन बसली, मी मागच्या पडवीत जाऊन इंजिन सुरू केलं. त्या बायका कुणाला शिवीगाळ करत नसत. टकळीवर सूत कातायच्या आणि गिऱ्हाईक आलं की उठून हात जोडायच्या. निम्मी गिऱ्हाइकं ओशाळून परत फिरत. कुणीतरी अक्काला चिडवलं की तुम्ही भंडारी, तुझ्या आज्याने जन्मभर माडावर चढून माडी काढली, तू कसली दारूबंदी करतेस. ती म्हणाली, "म्हणूनच मला ठाऊक." आणि कातत राहिली. दुपारी ती माझी भाकरी पडवीच्या पायरीवर ठेवून जाई, पण आत पाऊल टाकत नसे. दारूच्या दुकानाचा उंबरा ओलांडायचा नाही अशी त्या सगळ्यांनी शपथ घेतली होती.

शेटजींना बायकांचा राग नव्हता, पण काळजी होती. गिऱ्हाईक आधीच कमी झालेलं, त्यात तोटी सारखी अडायची. वैशाखातल्या एका रविवारी मुंबईची बोट लागायची होती आणि मुंबईकर उतरायचे होते. सकाळीच तोटी बंद पडली. मी यंत्र थांबवलं, दार उघडलं आणि पाणी तापवायला मागच्या चुलीकडे गेलो. मी शेटजींना सांगून गेलो होतो की वितळू द्या, हात लावू नका. त्यांनी मान हलवली होती. पण बोटीचा भोंगा झाला, पडाव माणसं आणायला निघाले आणि त्यांना राहवलं नाही. पिंपं फोडायची छिन्नी घेऊन ते आत शिरले आणि बर्फ फोडू लागले.

मला आधी आवाज आला, शिट्टीसारखा बारीक आणि तीव्र. मग वास आला. नवसागर आणि चुना एकत्र कुटल्यावर जसा नाकात भाला जातो तसा, पण शंभरपट. छिन्नी बर्फातून थेट नळीत गेली होती. यंत्र बंद असलं तरी नळीत अमोनिया होताच, तो सुटला. मी धावत पुढे आलो. दुकानातलं एकुलतं गिऱ्हाईक रस्त्यावर जाऊन खोकत होतं. शेटजी बाहेर आले नव्हते.

बोटीवर शिकवलेली एक गोष्ट अशा वेळी आपोआप हातून होते. अमोनिया पाण्याला भुलतो, त्यात लगेच विरघळतो. ओलं फडकं तोंडावर असलं तर माणसाला थोडा वेळ मिळतो. मी पाणी शोधत मागे वळलो, तर चुलीवर उकळू लागलेल्या हंड्याशिवाय जवळ काही नव्हतं. तेवढ्यात अक्का दारात दिसली. बायकांनी स्वतःला आणि वाटसरूंना प्यायला पाण्याची कळशी आणून ठेवली होती, ती तिच्या कमरेवर होती. तिने काही विचारलं नाही. उंबरा ओलांडून आत आली, माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून भिजवला, माझ्या हातात दिला, आणि स्वतःचा पदर भिजवून नाकातोंडाला गुंडाळला.

"तू पुढे हो," ती म्हणाली. "मी पाय धरते."

मी डोळे मिटूनच कपाटात शिरलो. आत पाहण्यासारखं काही नव्हतंच, उघडले असते तर डोळे गेले असते. शेटजी पिंपांच्या मध्ये गुडघ्यांवर पडले होते. मी त्यांच्या काखेत हात घातले, अक्काने पाय उचलले, आणि आम्ही त्यांना फरफटत दुकानातून बाहेर, वडाच्या सावलीत आणलं. मी परत जाऊन मागच्या पडवीतली अमोनियाच्या टाकीची चावी आवळली, तेव्हा तो आवाज हळूहळू बसत गेला.

बाहेर बायकांनी शेटजींना घेरलं होतं. अक्काने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन कळशीतलं पाणी संथ धारेने डोळ्यांत सोडायला सुरुवात केली. कळशी संपली की दुसरी बाई विहिरीवरून भरून आणी. शेटजी हात झाडत होते, ती त्यांना लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं धरून होती. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले की पाणी सोडलंत म्हणून डोळे वाचले.

संध्याकाळी पिकेटिंगच्या बायकांतली एक वयस्क बाई घरी आली. तिने अक्काला समजुतीने विचारलं की शपथेचं काय, उंबरा तर ओलांडलास. अक्का चूल फुंकत होती. ती म्हणाली, "मी दारू आणायला गेले नव्हते. माणूस आणायला गेले होते." ती बाई जरा वेळ बसली, चहा प्यायली आणि गेली. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

शेटजींचे डोळे बरेच दिवस लाल राहिले. हिंडता येऊ लागल्यावर ते आमच्या घरी आले, ओटीवर बसले आणि अक्काला हात जोडले. तिच्यापुढे काही ठेवायला आणलं होतं, ते तिने घेतलं नाही. मग म्हणाले, तुला काय हवं ते माग, बेन. मला वाटलं ती दुकान बंद करा म्हणणार. तिलाही तसंच म्हणायचं असावं.

"बंद करा म्हटलं तर कराल?" तिने विचारलं.

"नाय," शेटजी म्हणाले. "पोट आहे माझं त्यावर."

"मग रविवारी करा. बोटीने माणूस उतरतो तेव्हा त्याच्या कनवटीला पैसे असतात. तो आधी घरी पोचू दे. सोमवारी काय ते त्याचं तो बघेल."

रविवार म्हणजे त्यांच्या धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस. त्यांनी डोकं खाली घातलं, पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढत राहिले आणि शेवटी बरं म्हणाले. ते त्यांनी पाळलं.

नळी मी सांधली आणि मुंबईहून अमोनिया येईपर्यंत कपाट नीट तपासलं. पावस गावचा एक सुतार दुकानात फळ्या बसवायला आला होता. दाराकडे बघून तो म्हणाला की फळी फुगली आहे, वरच्या कोपऱ्यात बसत नाही. दुपारी दुकान अंधारं करून मी आत मेणबत्ती धरून उभा राहिलो आणि दार लावायला लावलं. वरच्या कोपऱ्याशी ज्योत आत वळली. बंदराची ती ओली हवा दिवसरात्र तिथून आत येत होती आणि नळ्यांवर जाऊन बसत होती. सुताराने दार रंधून घेतलं, कडेला लोकरीचा नमदा ठोकला. कथलाची नळी मी वेटोळ्यापासून लांब नेली आणि पिंपं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. गोणपाट सोडवून, पिंप पुसून मगच आत, हा नियम शेटजींनीच केला. पाहुण्यांना दार उघडून दाखवणंही त्यांनी सोडलं.

तरी थोडं हिव धरायचंच. समुद्राकाठी ते चुकत नाही. पण आता रविवार माझ्या हातात होता. रविवारी सकाळी मी इंजिन थांबवायचो, कपाटाचं दार उघडं टाकायचो आणि सावकाश बसून राहायचो. बर्फाचे पापुद्रे सुटून खाली पडत, त्यांचं पाणी मोरीतून रस्त्याच्या कडेच्या गटारात जाई. समोर वडाखाली अक्का आणि बायका नसत, कारण बंद दुकानापुढे बसायचं कशाला. बोट लागली की मुंबईकर ट्रंका डोक्यावर घेऊन दुकानावरून पुढे जात, काही जण दुकान बंद बघून थबकत आणि घरच्या वाटेला लागत.