साडूभाऊंचा कोड

जगातली यच्चयावत माणसं दोनच प्रकारची असतात, कोड असलेली आणि कोड नसलेली, असं मनापासून मानणारा अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी सासऱ्यांच्या रागापासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं, एवढं एकच तेवढं सांगायचं राहून गेलं.

साडूभाऊंची सगळी नोकरी उरणकडच्या बंदरात, कस्टमची कामं करणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत झाली. अमेरिकेला जाणाऱ्या मालाचे कागद ते तयार करत. त्या कागदावर माल नेणाऱ्या कंपनीची इंग्रजी अक्षरांतली एक खूण घालावी लागते, दोन ते चार अक्षरांची. तोच कोड. माल सोन्याचा असो नाहीतर सोयाबीनचा, नेणारा कोण हे त्या अक्षरांवरून कळल्याशिवाय पलीकडचे कस्टमवाले पुढचं बोलतच नाहीत. एकदा कुणीतरी घाईघाईत भलत्याच कंपनीचा कोड घातला आणि हळदीचा अख्खा कंटेनर धक्क्यावर बसून राहिला. ती हळद साडूभाऊ आजतागायत विसरलेले नाहीत. आक्कांकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा त्यांनी ती ऐकवलेली आहे. "माल कुणाचा ते मागून सांगा," बोट वर करून ते म्हणतात, "आदी सांगा, नेणारा कोण?"

निवृत्त होऊन ते परभणीत वसमत रोडला राहायला आले आणि आमच्या खानदानाच्या दळणवळणाला शिस्त लागली. आमची सासुरवाडी राणीसावरगावची. तिथून कुरडया, लोणचं, हुरडा असं जे काही निघेल ते एसटीच्या कंडक्टरच्या स्वाधीन करायचं, ही पूर्वापार रीत. पिशवीवर नाव नाही, पत्ता नाही. "परभनीच्या स्टँडवर आमचं जावई येतेत, लांबुड्या नाकाचं," एवढ्या खुणेवर सासूबाईंचं लोणचं सुखरूप पोचत असे. हे कळल्यावर साडूभाऊंना घाम फुटला. त्यांनी कंडक्टरला गाठून रीतसर चार अक्षरी कोड बहाल केला. मला वाटलं, तो माणूस हसून सोडून देईल. कसलं काय! पुढच्या खेपेला तो खिडकीतून ओरडत होता, "साहेब, आदी माजा कोड इचारा, मंग पिशवी घ्या! गाडी सुटायलीय!"

मग काय, रिक्षावाल्याला कोड, पेपरवाल्याला कोड, मला कोड, माझ्या बायकोला माझ्याहून वेगळा कोड. सगळे त्यांना तोंडपाठ. खरे कोड दरवर्षी नवे करून घ्यावे लागतात म्हणे, म्हणून त्यांनी दसरा मुक्रर केला. आपण सोनं द्यायला जावं, पाया पडावं, तर ते आपट्याचं पान हातात घेऊन क्षणभर आपल्याकडे निरखून बघतात आणि म्हणतात, "बरं, चालू ठेवू यंदा." दूधवाल्यानं एकदा न सांगता मेव्हण्याच्या हाती दूध धाडलं तर त्या वर्षी त्याचं नूतनीकरण झालं नाही. तो बिचारा दिवाळीपर्यंत फाटकाबाहेरच किटली टेकवायचा.

आक्कांच्या डब्यांचीही यातून सुटका झाली नाही. कंटेनरच्या मालकाच्या खुणेत शेवटचं अक्षर यू असतं, आणि कंटेनर म्हणजे शेवटी डबाच. आपण भांड्यांवर नावं घालून घेतो, यांनी झाडून सगळ्या डब्यांवर शेवटी यू असलेली चार अक्षरं कोरून घेतली. भांडीवाल्यानं मशीन थांबवून विचारलं होतं, "काका, हे गाव कुठं आलं?"

एवढं असून स्वतः साडूभाऊंना कोड नव्हता. ते हातात काही घेतच नसत. बाजारात पिशवी आक्कांकडे, प्रवासात बॅग हमालाकडे. माझ्या लग्नात रुखवतातल्या लाडवांचं ताट कुणी त्यांच्या हातात द्यायला गेलं तर दोन पावलं मागं सरून म्हणाले, "आमी कागदवाले. लिहिणाऱ्यानं उचलू न्हाई." आम्ही त्याला मिजास समजत होतो. आक्का मात्र एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या, "मिजास कसली आलीय? भ्यायतेत. लेक झाली तवा बंदरावरून सव्वा म्हैन्यानं आले. समद्यांनी पोरीला घेतलं, ह्यांनी न्हाई. म्हनले, माझ्या हातून पडली तर?" लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, तिला यांनी कधी कडेवर घेतलं नाही. तिच्या दप्तरालाही हात लावला नाही.

तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई चारठाण्याच्या शाळेत मास्तर, शांत पोरगा. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. दवाखान्यात वरच्या मजल्यावर तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आईचं दूध वेळच्या वेळी पोटात गेलं आणि वजन धरलं तरच काही खरं. आई खालच्या मजल्यावर, टाके पडलेली, जिना चढायची नाही. तेव्हा तिनं दूध काढून द्यायचं आणि कुणीतरी ते वर न्यायचं. आक्का नेत, जावई नेई, कधी माझी बायको. साडूभाऊ जिन्याखालच्या बाकावर बसून प्रत्येकाला विचारत, "नेणारा कोण?" आणि कोड ऐकूनच वाट सोडत. आम्ही चिडलो होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मुकाट कोड सांगून वर जात होतो.

एका सकाळी मी तिथं पोचलो तर आक्का घरी आंघोळीला गेलेल्या, जावई औषधं आणायला. आईच्या खोलीच्या दारात सिस्टर दुधाची, झाकण लावलेली चिमुकली डबी घेऊन उभी होती. "आजोबा, बाळ रडायलंय वर. मला पेशंट सोडता येईना. जा की घेऊन लौकर."

"माझा कोड न्हाई," साडूभाऊ म्हणाले.

सिस्टरला अर्थातच काही कळलं नाही. मी हात पुढे केला. पण वरून रडणं ऐकू आलं, अगदी बारीक, आणि साडूभाऊ उठले. दोन्ही हातांनी त्यांनी ती डबी धरली आणि जिना चढायला लागले. मी मागं. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग पुढची. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यांनी हात सोडून पुसला नाही. वर पोचल्यावर तिथल्या नर्सनं झाकण काढून पाहिलं. "थेंब सांडला न्हाई बगा," ती म्हणाली. साडूभाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मला त्या माणसाची इतकी माया आली की आजवर केलेली सगळी थट्टा गिळून टाकावीशी वाटली.

त्या दिवसापासून दूध दुसऱ्या कुणी नेलं नाही. बाळानं वजन धरलं. घरी न्यायच्या दिवशी आक्कांनी दुपट्यात गुंडाळून नात त्यांच्यापुढे धरली. हे पुन्हा कचरले.

"आता काय? कोड न्हाई म्हून?" आक्का म्हणाल्या. "दोन अक्षराचा बी चालतो न्हवं? मंग तुमचा कोड आजा. घ्या म्हनते ना!"

त्यांनी घेतली. मग खाली म्हणून ठेवली नाही. पाळणा नुसता नावाला टांगलेला, पोर सदा आजाच्या हातात. मधे दसरा आला नि गेला, तर कुणाच्या कोडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दूधवाला आपला आपणच आत आला.

थंडी सरल्यावर जावई मायलेकींना न्यायला आला. साडूभाऊ नातीला घेऊन फाटकापर्यंत गेले आणि गाडीच्या दाराशी थांबले.

"नेणारा कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, मामा," जावई म्हणाला, आणि आपला कोड एकेक अक्षर सुटं करून, वर्गात सांगावा तसा, नीट सांगितला. तेव्हा कुठं त्यांनी पोर त्याच्या हातांत दिली.

गाडी जिंतूर रोडच्या दिशेनं निघून गेली. धूळ बसली तरी साडूभाऊ तिथंच उभे होते, हात अजून तसेच, कोपरात वाकवून छातीशी धरलेले. मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, हात खाली घ्या आता."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "रिकामा कंटेनर बी जाग्यावर न्यावा लागतो."

आणि तसेच, जपून पाऊल टाकत, ते घरात गेले.